जे येतं ते नावे

पर्यटकाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे, हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो. कारण पुढचं वाचून तसं कोणाला वाटणार नाही. श्रीवर्धनसारख्या समुद्रकाठच्या गावात राहून पर्यटकाचा अनादर करणं म्हणजे भटजीने यजमानाशी भांडण काढण्यासारखं आहे. तो येतो म्हणून आमच्या खोल्यांना भाडं मिळतं, सोलकढीला गिऱ्हाईक मिळतं आणि एरवी ज्याच्याकडे आम्ही ढुंकूनही पाहत नाही तो सूर्य रोज संध्याकाळी टाळ्या घेत बुडतो. तेव्हा त्याच्या वागण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याने समुद्राकडे पाठ करून समुद्राचे फोटो काढावेत, सुरमई मागवावी आणि तिला माशासारखा वास येतो म्हणून परत पाठवावी. तो त्याचा हक्क आहे, त्याचे तो पैसे देतो.

माझी तक्रार आहे ती त्याच्या एका वाक्याबद्दल. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी, जेवण अंगावर आल्यावर, झोपाळ्याला पायाने हलके हलके झोके देत तो ते हमखास म्हणतो : "तुमचं बरं आहे बुवा! जगात काय काय चाललंय, आणि तुमच्याकडे पाहा. इथे काही घडतच नाही!"

जगात काय काय चाललंय हे त्याला हातातल्या मोबाईलवरून कळलेलं असतं. त्यानंतर अर्धा तास तो मला युक्रेन समजावून सांगतो, पंधरा मिनिटं आखात समजावतो, आणि चीनपर्यंत पोचायच्या आत त्याचा डोळा लागतो. मी पडलो बँकेतला कारकून. समोरच्याचं बोलणं मध्येच न तोडणं ही आमची नोकरीची अट असते. पण किती दिवस ऐकून घ्यायचं? म्हणून हे लेखी उत्तर.

शिक्षणाने मी बी.कॉम. आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाला जगाचं ज्ञान नसतं असा एक समज आहे, आणि तो बराचसा खराही आहे. पण जगाचा हिशेब त्याला बरोब्बर कळतो. अकरावीत आम्हाला हिशेबाचे तीन सोनेरी नियम शिकवले. त्यातला एक असा : 'जे येतं ते नावे, जे जातं ते जमा.' तीस वर्षं होत आली, बाकीचं वाणिज्यशास्त्र वाहून गेलं, हा नियम तेवढा चिकटून बसला आहे. कारण किनाऱ्यावर राहिल्यावर तो वेगळा पाठ करावा लागत नाही. समुद्रातून जे जे म्हणून येतं, ते ते आमच्या नावे पडतं. जमेला काय पडतं ते शेवटी पाहू.

आधी भूगोल घेऊ. पुण्यातल्या माणसाचा पश्चिमेचा शेजारी कोण? तर शेजारच्या विंगमधले गृहस्थ, ज्यांच्याशी पार्किंगवरून बोलणं बंद आहे. आमच्या गावातून नाक पश्चिमेला करून सरळ निघालात तर वाटेत एक घर लागत नाही, थेट ओमान. हा आमचा शेजार. आणि हा शेजार आजचा नाही. आफ्रिकेतून आलेले हबशी आमच्या शेजारच्या जंजिऱ्यावर ठाण मांडून बसले आणि त्यांचं संस्थान थेट 1948 सालापर्यंत टिकलं. त्या सिद्दीशी पटेना म्हणून आमच्या गावच्या भटांच्या घरातला एक गृहस्थ घाटावर गेला, तिथे कारकुनी करू लागला आणि 1713 साली पेशवा झाला. बाळाजी विश्वनाथ म्हणतात ते हेच. म्हणजे आफ्रिका आणि श्रीवर्धन यांचं बिनसलं, त्यातून पुण्याला पेशवाई मिळाली. आता त्याच पुण्याहून तीनशे वर्षांनी माणूस येतो आणि मला सांगतो, इथे काही घडत नाही! (कारकुनाला बढती कशी मिळते याचं हे आमच्या गावातलं शेवटचं ज्ञात उदाहरण, हे जाता जाता नमूद करतो.)

आता माझ्या खिडकीवर या. बँकेच्या खिडकीला लोक काउंटर म्हणतात, मी तिला वेधशाळा म्हणतो. जगात कुठे वादळ उठलं की त्याची पहिली नोंद टीव्हीवर होत नाही, पैसे काढायच्या स्लिपवर होते. आमच्या तालुक्यात, शेजारच्या म्हसळ्यात, मुरूडकडे अशी पुष्कळ घरं आहेत की ज्यांतला एक माणूस आखातात असतो आणि बाकीचे घरात असतात. 2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा मी शाळेत होतो. सद्दाम हुसेन म्हणजे कोणी पहिलवान असावा असा आम्हा पोरांचा समज होता. पण मोठ्या माणसांना तो चांगलाच माहीत झाला. सुमारे 1,70,000 भारतीय तिथून परत आणावे लागले. अम्मानहून मुंबईला एअर इंडियाची विमानं रोज उडत होती. पुस्तकांत त्याला इतिहासातली सगळ्यात मोठी हवाई सुटका म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण घरात ती कशी दिसली ते आमच्या जुन्या हेडकॅशिअरनी मला सांगितलं. ते म्हणायचे, "अरे, दर महिन्याला ड्राफ्ट यायचा. त्या महिन्यात ड्राफ्टऐवजी माणूसच आला." या एका वाक्यात आखाती युद्धाचं सगळं अर्थशास्त्र आहे. माणूस सुखरूप आला म्हणून घरच्यांनी नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी मुदतठेव मोडायला बँकेत आले.

किंवा 'एव्हर गिव्हन' घ्या. मार्च 2021 मध्ये ही 400 मीटर लांबीची बोट सुएझ कालव्यात आडवी पडली आणि सहा दिवस जगाचा व्यापार तुंबला. लोकांना काय हसू आलं! जो तो विनोद पाठवत होता. बोटीवरचे खलाशी किती? पंचवीस. कुठले? सगळे भारतीय. बोट सुटली तरी नुकसानभरपाईचा तंटा मिटेपर्यंत ती कालव्यातल्याच एका तळ्यात अडकवून ठेवली होती, थेट जुलैपर्यंत. ज्या गावांतली मुलं बोटीवर जातात त्या गावांत तो विनोद कोणी कोणाला पाठवला नाही. आमच्याकडे एक काकू पासबुक भरून घ्यायला आल्या होत्या. त्यांचा मुलगा वेगळ्याच बोटीवर. पण त्यांनी विचारलं, "काय हो भाऊ, बोट अडकली तर पगार चालू राहतो का?" जगातल्या एकाही वाहिनीवर एकाही तज्ज्ञाने हा प्रश्न विचारलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

पर्यटक म्हणेल, हे सगळं पैशाचं झालं. प्रत्यक्ष घटना कुठे घडली? ठीक आहे. प्रत्यक्ष घटना घ्या. 18 ऑगस्ट 2022 ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या बाजूला एक रिकामी होडी लागली. नाव 'लेडी हान'. आत तीन एके-47 रायफली आणि काडतुसं. होडी एका ऑस्ट्रेलियन बाईंच्या मालकीची. निघाली होती मस्कतहून, जायचं होतं युरोपला. जूनमध्ये वाटेत इंजिन बिघडलं. कोरियाच्या युद्धनौकेने माणसं उचलली, आणि खवळलेल्या समुद्रात होडी ओढून नेता येईना म्हणून ती तशीच राहिली. पुढे जवळजवळ दोन महिने ती एकटी भटकली. आता पाहा : मालकीण ऑस्ट्रेलियाची, बंदर ओमानचं, मदत कोरियाची, रायफलीचा नमुना रशियाचा, मुक्काम युरोपचा आणि किनारा आमचा. एवढे देश एका जागी आणायला संयुक्त राष्ट्रसंघाला ठराव करावा लागतो. आमच्याकडे भरतीच्या पाण्याने आणले.

त्या दिवशी मात्र सगळ्या देशाला आमचं गाव नकाशात सापडलं. वाहिन्यांच्या गाड्या आल्या. ज्यांना आदल्या दिवशी हरिहरेश्वर कुठल्या जिल्ह्यात येतं ते ठाऊक नव्हतं, ते किनाऱ्यावर उभे राहून त्याची 'मोक्याची जागा' समजावू लागले. राज्यात सावधानतेचा इशारा दिला गेला. पुढे घातपाताचा काही धागा हाती लागला नाही तेव्हा गाड्या जशा आल्या तशा परत गेल्या. आमच्या गल्लीतल्या घरगुती खोल्या भाड्याने देणाऱ्या वहिनींना मात्र पुढच्या शनिवार-रविवारचे चार मुक्काम रद्द झाल्याचे फोन आले. त्या म्हणाल्या, "होडी त्या बाईंची, इंजिन त्यांचं बिघडलं, आणि भाडं माझं बुडालं." जे येतं ते नावे! वहिनी कॉमर्सच्या नव्हेत, तरी नियम त्यांना पाठ.

यातली थट्टा मी इथेच थांबवतो, कारण त्या दिवशी गाव उगाच घाबरलं नव्हतं. फेब्रुवारी 1993 मध्ये आमच्या जवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली आणि 12 मार्चला मुंबईत 257 माणसं मेली. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर पुन्हा समुद्रातूनच हल्ला झाला. त्या हल्ल्यातले पहिले बळी मुंबईत पडले नाहीत. ते पडले भर समुद्रात, 'कुबेर' या पळवलेल्या मच्छिमारी बोटीवर : बोटीचा तांडेल आणि त्याचे खलाशी. देशाच्या तोंडी हॉटेलांची नावं राहिली. त्या खलाशांची नावं किती जणांना येतात?

यानंतर किनाऱ्याची सुरक्षा कडक झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. त्याबद्दल कोणाही कोळ्याचं दुमत मी ऐकलेलं नाही. बोटींना राज्याराज्याचे रंग आले, मच्छिमारांना अंगठ्याच्या ठशाची ओळखपत्रं आली, 'सागर कवच' नावाच्या कवायती आल्या. पण या सगळ्यात एक गंमत अशी झाली की, ज्याने जन्मभर समुद्र पाहिला त्या नाखव्याने, आपण समुद्रावरचेच आहोत हे परवाच घाटावरून बदलून आलेल्या माणसाला कागद दाखवून पटवून द्यायचं. जीवना बंदरावरचा एक तांडेल मला म्हणाला, "सायेब, समुद्रात परकी बोट आली तर ती आमालाच आधी दिसनार. पन आमाला विचारतात काय? तर कार्ड कुठाय!" पहारेकऱ्यालाच रोज झडतीला उभं करायचं, आणि पहारा कुठे ठेवावा हे मात्र त्याला विचारायचं नाही, असा हा कारभार आहे.

आता युक्रेनकडे येतो, कारण झोपाळ्यावरच्या व्याख्यानात मुख्य विषय तोच असतो. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ब्रेंट तेल पिंपाला 130 डॉलरच्या वर जाऊन आलं. (हे ब्रेंट नाव उत्तर समुद्रातल्या एका तेलक्षेत्राचं, आणि त्या क्षेत्राला ते दिलं एका रानहंसाच्या जातीवरून. हंसाने आमचं दूध आणि पाणी कसं वेगळं केलं ते आता ऐका.) त्याच मार्चमध्ये तेल कंपन्यांनी घाऊक गिऱ्हाइकांचं डिझेल लिटरमागे सुमारे 25 रुपयांनी महाग केलं. पंपावरचा भाव तसाच ठेवला. मुंबईत घाऊक डिझेल 122 रुपये 5 पैसे आणि पंपावर 94 रुपये 14 पैसे. घाऊक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कारखाने येतील, मॉल येतील. पण याच यादीत मच्छिमारांच्या सहकारी सोसायट्याही बसल्या. का? तर त्या टाकीने डिझेल घेतात म्हणून! दहा खलाशांनी एकत्र येऊन सोसायटी काढली, आता कायद्याच्या नजरेत ते मोठे उद्योगपती झाले.

मी कारकून असल्यामुळे वजाबाकी केल्याशिवाय मला झोप येत नाही. फरक 27 रुपये 91 पैसे. हजार लिटरला 27,910 रुपये. अर्थशास्त्र असं सांगतं की घाऊक माल स्वस्त मिळतो. माझ्या बी.कॉम.च्या तीन वर्षांत याला अपवाद शिकवलेला मला आठवत नाही. पण इथे झोपाळ्यावरच्या साहेबांच्या गाडीला 94 रुपयांचं डिझेल, आणि त्यांच्या ताटातली सुरमई आणणाऱ्या बोटीला 122 रुपयांचं! बरं, त्यातून मच्छिमाराला डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, असं कागदावर आहे. आणि तो मिळतोही. फक्त आज पूर्ण पैसे भरायचे आणि परतावा मागाहून, मंजुरी आली की. वर्षानुवर्षं हे परतावे थकतात. तोपर्यंत तो तांडेल काय करतो? माझ्या खिडकीवर येतो आणि सोनं तारण ठेवतो. म्हणजे सरकारने द्यायच्या पैशावर व्याज तो भरतो, आणि ते व्याज जमा करून पावती मी फाडतो. या व्यवहारात सरकार आहे, तेल कंपनी आहे, बँक आहे, मॉस्को आहे, कीव्ह आहे. तोट्यात एकटा तांडेल. आणि हा गृहस्थ मला सांगतो की युक्रेनचं युद्ध इथून फार लांब आहे!

वादळाचीही तीच तऱ्हा. आमच्यावर आलेलं वादळसुद्धा आंतरराष्ट्रीय होतं. 2020 साली तेरा देशांनी मिळून वादळांच्या 169 नावांची नवी यादी केली. त्यातलं पहिलं नाव बांगलादेशाने दिलेलं : 'निसर्ग'. पहिल्या नावाचा मान आम्हाला मिळाला. 3 जून 2020 ला दुपारी ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या अंगणात उतरलं. (पुढच्या वर्षी आलेल्या 'तौक्ते'चं नाव म्यानमारने ठेवलेलं, आणि त्याचा अर्थ पाल. ती चुकचुकत किनाऱ्याकिनाऱ्याने गुजरातला गेली.) तेरा देशांनी बारसं केलं, जेवणावळ आमच्याकडे झाली. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्यांच्या जिवावर, त्या वाड्यांत दुपारी दोननंतर आभाळ दिसू लागलं. वाडीत आभाळ दिसणं म्हणजे काय, हे वाडीवाल्यालाच कळेल. आज्याने लावलेली झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी एकमेकांवर पडली होती.

मग मदत आली. आधी हेक्टरी हिशेब होता. आमच्या वाड्या गुंठ्यांच्या, त्यामुळे हातात काहीच पडेना. तक्रारी झाल्या, म्हणून झाडाप्रमाणे हिशेब केला. नारळाच्या झाडाला 250 रुपये. सुपारीच्या झाडाला 50 रुपये. छापताना शून्य गळलेलं नाही, पन्नासच रुपये. सुपारी लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि मग ती पिढीभर घर चालवते. त्याची किंमत पन्नास. आज आमच्या किनाऱ्यावर पर्यटक एक शहाळं पिऊन नोट देतो, ती साधारण तेवढ्याचीच असते. ती देतानाही 'महाग आहे हो' म्हणतो.

अरबी समुद्र तापत चालला आहे आणि त्यामुळे जोरदार वादळं वाढत आहेत, हे शास्त्रज्ञ आज सांगत नाहीत, बरीच वर्षं सांगत आहेत. तो तापवण्यात आमच्या गावाच्या चुलींचा वाटा किती, हे कोणी काढलं तर दशांश चिन्हापुढे बरीच शून्यं लागतील. या विषयावर जगातले पुढारी नोव्हेंबर 2022 मध्ये जमले होते, गरीब देशांच्या नुकसानीसाठी निधी उभारायचं ठरवायला. कुठे जमले? शर्म अल-शेख. हे इजिप्तमधलं आमच्यासारखंच समुद्रकाठचं पर्यटनाचं गाव. फक्त खोल्या बऱ्या.

आणि इथे मला एक जुना संशय आहे तो बोलून टाकतो. मोठ्या माणसांना जगाची वाटणी करायची झाली की ते समुद्रकाठीच का जातात? फेब्रुवारी 1945 मध्ये रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन आठ दिवस यालताला बसले. यालता म्हणजे काळ्या समुद्रावरचं हवा खायचं गाव. झारच्या उन्हाळी वाड्यात बसून त्यांनी अर्ध्या युरोपचं भवितव्य ठरवलं. ज्या क्रिमियात ते बसले होते, तिथल्या तातार लोकांना नऊच महिने आधी स्टालिनने आगगाड्यांत कोंबून मध्य आशियाकडे हाकललं होतं. पाहुणे आले तेव्हा गाव छान शांत होतं. कोणा पाहुण्याने, 'तुमचं बरं आहे बुवा' म्हटलं की नाही याची नोंद नाही. त्याच क्रिमियावर 2014 साली रशियाने कब्जा केला. यालतावाल्यांनी एका आयुष्यात जेवढं जग पाहिलं तेवढं पाहायला तुम्हाला फार मोठी सहल काढावी लागेल.

तिकडे सायप्रस बेटावर वरोशा नावाचं गाव होतं. एकेकाळी तिथे किनाऱ्याला लागून हॉटेलांची रांग, युरोपातून येणारे पर्यटक, सगळी भरभराट. जुलै 1974 मध्ये अथेन्सच्या लष्करशहांच्या पाठबळाने राजधानीत उठाव झाला, तुर्कस्तानचं सैन्य उतरलं, वाटाघाटी जिनिव्हात सुरू झाल्या आणि ऑगस्टमध्ये जिनिव्हातच फिसकटल्या. गाव ओस पडलं ते वरोशा. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. सैन्याने तारेचं कुंपण घातलं, आणि शेहेचाळीस वर्षं त्या हॉटेलांत वाऱ्याशिवाय कोणी उतरलं नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यातला थोडा भाग उघडला. कोणासाठी? गावकऱ्यांसाठी नव्हे, पाहायला येणाऱ्यांसाठी! ओस पडलेलं गाव हेच आता पर्यटनस्थळ झालं. कुंपणाच्या आतल्या गल्लीतून फिरताना कोणीतरी नक्की म्हणत असणार, किती शांत आहे नाही इथे!

म्हणून माझं म्हणणं असं की, किनाऱ्यावरची शांतता म्हणजे काही न घडणं नव्हे. बँकेत शिल्लक शून्य असलेलं खातंही शांतच असतं. ते शांत का, ते पाहायला मागची पानं उलटावी लागतात.

आता पर्यटकाची बाजू. तो म्हणेल, अहो, आम्ही येतो तेव्हा पैसे आणतो की! आणतो, नाकारतो कोण? सुरुवातीलाच लिहिलं आहे. पण तोही शेवटी जगाच्याच लहरीवर येतो. 2020 च्या मार्चमध्ये वुहानची साथ जगभर झाली आणि आमचा किनारा एका रात्रीत मोकळा झाला. खोल्यांसाठी कर्ज काढलेल्यांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते न भरण्याची मुभा दिली. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. हे खातेदारांना समजावून सांगायचं काम खिडकीवर माझ्याकडे होतं. आणि त्यातच जूनमध्ये तेरा देशांचं ते बाळ आलं. तेव्हा जमेच्या बाजूला पर्यटक मांडायला माझी हरकत नाही, फक्त ही जमा खात्रीची नाही. नावे मात्र खात्रीने पडतं.

मी नुसतं रडगाणं गात नाही. कारकुनाला शेरा मारायची सवय असते, तेव्हा तीन शेरे मारतो.

एक : डिझेलवरची सवलत मच्छिमाराला डिझेल घेतानाच द्यावी, मागाहून नको. किराणा दुकानदारसुद्धा सूट बिलातच देतो. 'पूर्ण पैसे भरा, सूट दिवाळीनंतर घरपोच पाठवतो,' असं म्हणून दुकान चालवून दाखवावं. आणि सोसायटीला उद्योगपती समजणं कायमचं बंद करावं, कुठेही युद्ध झालं तरी.

दोन : किनाऱ्याच्या सुरक्षेचे नियम ठरवायला जी माणसं टेबलाशी बसतात, त्यांत दोन तांडेल बसवावेत. खुर्चीत. दारात नव्हे. समुद्र कुठे उथळ, होडी कुठून गुपचूप लागू शकते आणि अंधारात कोणत्या आवाजाने कान टवकारायचे, हे जितकं त्यांना माहीत तितकं कोणत्याच फाइलीत नाही.

तीन : झाडाची किंमत ते पडलं त्या दिवसाच्या लाकडावरून करू नये. ते उभं राहिलं असतं तर किती वर्षं पीक दिलं असतं, त्यावरून करावी. माणसाचा विमा असाच काढतात. मेलेल्याचं वजन करून पैसे देत नाहीत. यात मी जगावेगळं काहीच मागत नाही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे गणित करून देईल. हवं तर मी रविवारी फुकट करून देतो.

आणि ज्यांना अजूनही पन्नास रुपये हा वाजवी भाव वाटतो, त्यांना माझी नम्र विनंती आहे. फळाला आलेलं सुपारीचं झाड त्या भावात कुठे विकत मिळत असेल तर पत्ता कळवा. मी ताबडतोब हजार झाडं घेईन. पन्नास हजारांचं कर्ज आमच्याच शाखेतून काढतो, जामीन म्हणून तो भाव ठरवणाऱ्या साहेबांची सही आणा.